"एक धक्काच तर द्यायचाय": शूटिंगमधल्या मारामारीची आणि स्टंटची सुरक्षितता

घोडबंदर रोडवरच्या एका बंगल्यात आमच्या मालिकेचं शूटिंग चाललं होतं. सून सासूला जिन्यात ढकलते, असा सीन. प्रत्यक्षात सुनेने खांद्याला हात लावायचा, सासूने एक पायरी मागे उतरायचं आणि कट. गडगडत खाली जाण्याचा शॉट दुसऱ्या दिवशी डबल, म्हणजे नटीच्या जागी स्टंट करणारी, देणार होती, म्हणून मारामारी बसवणाऱ्या फाइट मास्टरांनाही दुसऱ्या दिवशीचाच कॉल होता. जिना आर्टवाल्यांनी प्लायचा बांधलेला, वरून संगमरवरासारखं दिसणारं विनाइल चिकटवलेलं. तिसऱ्या पायरीच्या कडेला ते अंगठ्याएवढं सुटलं होतं. सासूचं काम करणाऱ्या ताईंची टाच त्यात अडकली, तोल गेला, त्यांनी हात मागे टेकला आणि मनगट मोडलं. त्यांचं वय तेव्हा ६२ होतं.

त्या दिवशीची कॉल शीट, म्हणजे कुठल्या सीनला कोण आणि काय लागणार याचा कागद, मी लिहिली होती. त्या सीनपुढे माझ्याच अक्षरात होतं: 'पूजेचं ताट, साडी बदल.' धक्क्याचा उल्लेखही नव्हता. दुसऱ्या दिवशीच्या पानावर मात्र मॅट, मास्टर, डबल, सगळं लिहिलेलं. मोठ्या पडण्याची तयारी आम्ही केली होती, छोट्या धक्क्याची कुणीच केली नव्हती.

तेव्हापासून मी एक गोष्ट पाळते: कॉल शीटवर नसलेला धक्का फ्लोअरवर द्यायचा नाही. पुढे लिहिलंय ते त्यातूनच आलेलं आहे. हा लेख असिस्टंट डिरेक्टर (एडी), प्रॉडक्शनची मंडळी आणि ठाणे-नवी मुंबईत दहा मित्र गोळा करून शॉर्ट फिल्म करणारी मुलं यांच्यासाठी आहे. हे वाचून कुणी फाइट मास्टर होणार नाही. मास्टरांना कधी बोलवायचं, त्यांना काय विचारायचं आणि त्यांच्या भोवतीचं काम कसं लावायचं, एवढं मात्र कळेल.

स्क्रिप्ट हातात आल्यावर

लाल पेन घ्या आणि क्रियापदं शोधा. ढकलते, झटकतो, ओढत नेतो, गळा धरतो, धावत जिना उतरते, हात झिडकारतो. लेखकाने ओघात लिहिलेला शब्द असतो, पण फ्लोअरवर तो कुणाच्या तरी अंगावर येतो. आग, पाणी, उंची, गाडी, हत्यार, काच, प्राणी आणि लहान मूल यांच्याभोवती गोल करा. मालिकेत स्क्रिप्ट आदल्या रात्री येते, कधी सकाळी मेकअप चालू असताना. म्हणून लेखकांकडून आठवड्याची गोष्ट आधी घ्यायची आणि त्यातच विचारायचं, या आठवड्यात कुणी कुणाला हात लावतंय का? हा फोन दोन मिनिटांचा असतो आणि मास्टरांची तारीख मिळवायला त्याचा खरा उपयोग होतो.

प्रत्येक खुणेपुढे मी एक प्रश्न लिहिते: चुकलं तर माणूस कुठे पडेल? १९८२ च्या जुलैमध्ये बंगळूरला अमिताभ बच्चन यांना जी दुखापत झाली, ती हाणामारीच्या एका शॉटमध्ये टेबलाचा कोपरा पोटाला लागून. ना स्फोट होता, ना उंचावरून उडी. हालचाल ठरलेली होती, शरीर थांबलं ते वेगळ्या जागी. हा प्रश्न विचारला की तुमचं लक्ष नटावरून सरकून टीपॉयच्या कोपऱ्याकडे, तुळशीवृंदावनाच्या कठड्याकडे, लाइट स्टँडच्या पायांकडे जातं.

मग खुणांची वर्गवारी. काही गोष्टी कलाकार स्वतः करू शकतात, पण शॉटआधी पंधरा मिनिटं शांतपणे तालीम हवी. हात झटकणं, कॉलर धरणं यात येतं. जिथे तोल जातो, पाय जमिनीवरून सुटतो, मानेला किंवा डोक्याला हात लागतो किंवा हातात काही धरलेलं असतं, तिथे मास्टर हवेतच. आणि काही गोष्टी आजच्या वेळेत, आजच्या पैशांत होत नाहीत. त्या सीनमधून काढायच्या किंवा पुढे ढकलायच्या. दिग्दर्शकाला हे आदल्या दिवशी सांगितलं तर तो पर्याय शोधतो. लाइट लागल्यावर सांगितलं तर भांडण होतं आणि बहुतेक वेळा भांडणात सुरक्षितता हरते.

कोण हवं, कुणाला काय विचारायचं

स्टंट आर्टिस्टांची संघटना आहे, तिचे सभासद असलेले मास्टर आणि फाइटर घ्या. ओळखीतला जिमवाला किंवा कराटेचा सर हा पर्याय होत नाही. कराटे येणं म्हणजे खरा फटका मारता येणं, आणि आपल्याला हवा असतो न लागणारा फटका. मास्टरांना लोकेशन आदल्या दिवशी दाखवा. शूटच्या दिवशी त्यांनी नाही म्हटलं की शॉट होणार नाही, हे दिग्दर्शकाने सगळ्यांसमोर सांगायला हवं. त्या एका वाक्याने दिवसभराचा ताण कमी होतो.

थांबवण्याचा एक शब्द ठरवा. तो संवादात येणारा नसावा. मारामारीच्या सीनमध्ये 'थांब', 'सोड मला', 'नको', 'वाचवा' हे सगळं नट ओरडतच असतात, त्यामुळे खरंच दुखलं तरी कुणाला कळत नाही. आमच्याकडे शब्द आहे 'लाल'. तो कुणीही उच्चारू शकतो, सेटवर चहापाणी बघणारे स्पॉट दादासुद्धा. एकदा मॅटची कड फ्रेमबाहेर सरकलेली फक्त आमच्या स्पॉट दादांना दिसली होती. ते लाल ओरडले, रोल झालेला कॅमेरा थांबला, कुणीही त्यांच्याकडे वाकड्या नजरेने पाहिलं नाही. तसं पाहिलं गेलं असतं तर पुढच्या वेळी ते गप्प बसले असते.

कलाकारांना तब्येतीचं एकट्यात विचारा. कंबरेचा जुना त्रास, खांदा निखळलेला, चक्कर, गरोदरपण, ताप येऊन गेलेला, झोप किती झाली. चार लोकांत विचारलं तर कुणी खरं सांगत नाही, कारण काम जाईल ही भीती असते. डबललाही हेच विचारायचं. आणि मागे उभ्या असलेल्या ज्युनिअर आर्टिस्टना तर विचारायचंच. हिरो ज्या गर्दीतून धावतो, ती गर्दी कुणाच्याच तालमीत नसते. किमान एकदा सगळ्या गर्दीला उभं करून हिरो कुठून येणार, कुणी कधी बाजूला व्हायचं, हे चालत दाखवा.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात. सिने कामगारांशी लेखी करार करण्याचं बंधन कायद्यानेच घातलेलं आहे, तेव्हा एका दिवसासाठी आलेल्या फाइटरशीही कागद करा. विम्याची पॉलिसी उघडून 'यात काय वगळलंय' हे पान वाचा. स्टंट वगळले असतील, रोजंदारीवरची माणसं वगळली असतील, तर ते शूटच्या आधी कळलेलं बरं. सीनमध्ये लहान मूल असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, दिवसाला ५ तासांहून जास्त काम नाही आणि विश्रांतीशिवाय सलग ३ तासांहून जास्त नाही. मुलाचा चेहरा घाबरलेला हवा म्हणून त्याला खरंच घाबरवणारे दिग्दर्शक मी पाहिलेत. तो शॉट वेगळा घ्या, मारामारी चालू असताना मुलाला फ्लोअरवर ठेवू नका.

लोकेशन पाहताना

आपल्याकडे फाइटसाठी तीन प्रकारच्या जागा जास्त मिळतात: घोडबंदरचे बंगले, वागळे इस्टेट किंवा नवी मुंबईच्या रबाळे-महापे-तुर्भे पट्ट्यातले बंद कारखाने, आणि रस्ता.

बंगल्यात फरशी पाहा. पुसून झाल्यावर ती किती वेळात सुकते, हे पावसाळ्यात नीट बघा, आपल्या दमट हवेत तासभरही ओल राहते. त्याच फरशीवर, त्याच चपलांत कलाकाराला चालवा. प्लायच्या जिन्यावर मी आता स्वतः चढते-उतरते, प्रत्येक पायरीच्या कडेवरून अनवाणी पाय फिरवते. सुटलेलं विनाइल डोळ्यांना दिसत नाही, पायाला लागतं.

बंद कारखाना पडद्यावर फार सुंदर दिसतो आणि तिथेच सर्वांत जास्त सावध राहावं लागतं. आधी विचारा, इथे काय बनत होतं? रसायनाचं काम असेल तर जमिनीवर लोळण्याचे शॉट नकोत. जमिनीतल्या मशिनच्या खड्ड्यांवर नुसती फळी टाकलेली असते, ती ठोकून घ्या, वर रंगाने खूण करा. बंद टाकीत किंवा भुयारी हौदात कुणालाही उतरवू नका, दोन मिनिटांच्या शॉटसाठीसुद्धा नाही. आत साचलेला वायू दिसत नाही आणि वाचवायला उतरलेला दुसरा माणूसही आतच राहतो. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे छत. जुन्या शेडचे सिमेंटचे पत्रे माणसाचं वजन पेलत नाहीत. वरून शाबूत दिसतात, पाय पडला की फुटतात आणि खाली सरळ काँक्रीट असतं. पत्र्यावरून पाठलाग हवा असेल तर जमिनीपासून दोन फुटांवर खोटं छत बांधा. आर्टवाले हे एका दिवसात करतात.

रस्त्याच्या शूटला वाहतूक पोलिसांची परवानगी लागते, आणि इथे आपल्या भागाची एक गंमत लक्षात ठेवावी लागते. घोडबंदर रोडने गायमुख ओलांडून काशीमिऱ्याकडे गेलात की ठाणे पोलिसांची हद्द संपते आणि मीरा-भाईंदर, वसई-विरार आयुक्तालयाची सुरू होते. ठाण्याचं पत्र तिकडे चालत नाही. शूटिंगच्या परवानग्यांसाठी राज्याच्या चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळाची एक खिडकी योजना आहे. पण परवानगी आली तरी स्थानिक पोलीस ठाण्यात जाऊन सांगा की अमुक वेळेला खोटी पिस्तुलं आणि आरडाओरडा असणार आहे. येऊर हे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे. तिथे वनखात्याची परवानगी हवी, आणि अंधार पडल्यावर झाडीत पळण्याचे शॉट घेऊ नका, बिबट्याचा वावर आहे. खाडीकाठच्या चिखलात उड्या, झटापट अजिबात नको. पाय गुडघ्यापर्यंत रुततो आणि भरती आपल्या शेड्युलप्रमाणे येत नाही.

फाइट बसवताना

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण मालिकांमधल्या दुखापती बहुतेक इथल्याच असतात.

आधी अंगावरचं उतरवा. काचेच्या बांगड्या घातलेला हात कुणी घट्ट धरला की काच मनगटात शिरते. सीनपुरत्या प्लास्टिकच्या किंवा धातूच्या घाला. मंगळसूत्र आणि लांब हार मागून पटकन सुटेल अशा हुकचे असावेत, ओढणी गळ्याभोवती नसावी, पदर पिनेने पक्का. नथ, पैंजण, टोकदार अंगठ्या काढा. साडीच्या आत गुडघ्याला आणि कंबरेला पॅड छान लपतात, त्यासाठी ड्रेसवाल्या दादांना आदल्या दिवशी सांगायचं.

थप्पड. मालिकेत एक थप्पड तीन बाजूंनी दाखवतात. प्रत्येक बाजूचे चार टेक धरले तर बारा थपडा झाल्या. कानावर बसलेल्या एका खऱ्या थपडेनेही पडदा फाटू शकतो. थप्पड अशी बसवतात: मारणाऱ्याने हात पूर्ण लांब करून उभं राहायचं, बोटांची टोकं आणि गाल यांत किमान एक वीत अंतर हवं. ते अंतर पायाशी टेपने खुणेने पक्कं करायचं. कॅमेरा दोघांपैकी एकाच्या खांद्यामागे. लेन्सला खोली कळत नाही, त्यामुळे हात गालासमोरून गेला तरी लागल्यासारखा दिसतो. आधी नजरानजर, मग मारणाऱ्याचा श्वास, मग हात. हात नाकाच्या रेषेत येताच समोरच्याने मान फिरवायची. आवाज नंतर साउंडवाले टाकतात.

मागच्या वर्षी एका नव्या मुलाने मास्टरांना सांगितलं, "मास्टर, ताईंना मला एकदा खरीच मारू द्या ना. मला चालेल." मास्टर त्याच्याजवळ गेले, त्याचा गाल हाताने थोपटला आणि म्हणाले, "तुला चालेल रे बाळा. पण त्यांच्या हाताला ते कसं जमणार? एकदा खरं मारलं की पुढच्या टेकला हात कुठे थांबवायचा ते हात विसरतो." मग त्यांनी ताईंना वीस वेळा रिकाम्या हवेत, त्याच टेपच्या खुणेवर उभं राहून हात फिरवायला लावला. टेक पहिल्याच वेळी ओके झाला.

धक्का. यात ताकद ढकलणाऱ्याची दिसते, पण हालचाल पूर्णपणे ढकलल्या जाणाऱ्याची असते. हात खांद्याला किंवा छातीच्या वरच्या भागाला टेकतो, जोर शून्य. मागे जाणारा स्वतःच्या पायांनी जातो. तो किती पावलं जाणार ते मोजून ठरवा, त्याच्याहून दोन पावलं जास्त जागा मोकळी ठेवा आणि फ्रेमबाहेर धरायला एक माणूस उभा करा. पडायचंच असेल तर मागे हात टेकायचा नाही. गुडघे वाकवत खाली बसायचं, पिंढरी, मांडी, कुल्ला, मग पाठीची एक बाजू, हनुवटी छातीला लावलेली. हे मॅटवर शिकवायला मास्टरांना अर्धा तास लागतो. ताईंना तो अर्धा तास मिळाला असता तर त्यांचं मनगट शाबूत राहिलं असतं, असं मला अजूनही वाटतं.

गळा धरणं. हात गळ्यावर नव्हे, गळपट्टीच्या हाडांवर. अंगठे घशापासून दूर. जिचा गळा धरलाय तिने धरणाऱ्याची मनगटं पकडून स्वतःच्या छातीकडे दाबायची, म्हणजे तिने हात सोडले की पकड आपोआप सुटते. गुदमरणं तिने अभिनयाने दाखवायचं, श्वास रोखूनही नाही. केस ओढण्याचंही तसंच: ओढणाऱ्याने मूठ मिटून डोक्यावर नुसती टेकवायची, ओढली जाणारी दोन्ही हातांनी ती मूठ स्वतःच्या डोक्यावर दाबून धरते आणि स्वतःच चालते. सगळा ताबा मार खाणाऱ्याकडे, हे सूत्र एकदा कळलं की नवे कलाकारही निर्धास्त होतात.

फाइट आकड्यांत बसवा, एक, दोन, तीन. आधी चालण्याच्या वेगाने, मग अर्ध्या, मग पाऊण. टेकही पाऊण वेगानेच. पूर्ण वेग कॅमेऱ्याला लागत नाही, तो एडिटला मिळतो. टेकच्या आधी एकदा संथ गतीत संपूर्ण फाइट व्हायलाच हवी, जेवणानंतर पुन्हा. टेकमध्ये कुणी एखादी हालचाल विसरलं तर आठवून पुढे रेटायचं नाही, मागे सरकून थांबायचं. आणि सेटवर ऐनवेळी 'अजून एक लाथ घालूया' असं ठरलं तर ती लाथ एकपासून पुन्हा तालमीत जाते.

बाटली, फुलदाणी, खिडकी फोडायची असेल तर साखरेची किंवा रेझिनची. पावसाळ्यात साखरेची काच चिकट होते, लवचिक होते, फुटतच नाही, मग वैतागून कुणीतरी खरी बाटली आणतं. तो क्षण ओळखा आणि पॅकअप करा.

उंची आणि केबल

उंचीबद्दल लोकांचा अंदाज नेहमी चुकतो. दीड मीटरवरून पडणारं शरीर जमिनीला टेकताना ताशी सुमारे २० किमी वेगात असतं, ३ मीटरवरून २८, ६ मीटरवरून ३९. पहिल्या मजल्याची गॅलरी म्हणजे भर वस्तीत धावणारी रिक्षा. त्यामुळे कलाकाराला टीपॉयवरून उडी मारायला सांगतानाही खाली काय आहे हे बघायचं.

रिकाम्या खोक्यांचा थर अजूनही उत्तम काम करतो, पण चेपलेली खोकी पुन्हा वापरायची नाहीत आणि दोन मॅटमधली फट वरून ताडपत्रीने बांधून घ्यायची. केबलवर माणूस चढवण्याआधी तेवढ्याच वजनाची वाळूची पोती चढवून बघा. जो हुक लावतो त्याने तपासायचं नाही, दुसऱ्याने तपासायचं आणि मोठ्याने सांगायचं. केबल बांबूच्या परांचीला, झाडाच्या फांदीला, गॅलरीच्या ग्रिलला बांधलेली दिसली की लाल. हार्नेसमध्ये, म्हणजे केबलला अडकवलेल्या पट्ट्यांमध्ये, लटकत ठेवलेल्या माणसाचे पाय काही मिनिटांत बधिर व्हायला लागतात, चक्कर येते. लाइट बदलायला वेळ लागणार असेल तर आधी त्याला खाली घ्या.

२०२० च्या फेब्रुवारीत चेन्नईजवळच्या एका सेटवर क्रेन कोसळून तीन जण गेले. त्यांच्यापैकी कुणीही स्टंट करत नव्हतं. मॉनिटर, खुर्च्या, चहाचं टेबल हे सगळं क्रेनच्या आणि केबलच्या पडण्याच्या टप्प्याबाहेर लावायचं, हे काम एडीचं आहे.

गाडी, पाणी, आग, बंदूक

ताशी ४० किमीने येणारी गाडी, ड्रायव्हरला धोका दिसल्यापासून एका सेकंदात ११ मीटर पुढे जाते आणि ब्रेकसकट थांबायला साधारण २० मीटर घेते. कॅमेरामन त्या रेषेत उभा राहणार नाही, रेषेत ठेवायचाच असेल तर कॅमेरा एकटा. लांब लेन्सवर २५ चा वेगही जोरात दिसतो. पाम बीच रोड पहाटे रिकामा असतो म्हणून चालत्या वाहतुकीत दोन शॉट 'चोरून' घेऊ पाहणारे तरुण भेटतात. ते धोका फक्त स्वतःला देत नाहीत. उलटणाऱ्या, उडणाऱ्या गाड्या तर अनुभवी टीमशिवाय नाहीतच, आणि अनुभव असला तरी तयारी पूर्ण हवी: २०२५ च्या जुलैमध्ये तामिळनाडूत गाडी उलटवण्याच्या स्टंटमध्ये एक अतिशय अनुभवी स्टंट कलाकार गेला.

पाण्याबद्दल एक घटना मी प्रत्येक नव्या एडीला सांगते. ७ नोव्हेंबर २०१६ ला बंगळूरजवळच्या तिप्पगोंडनहळ्ळी जलाशयात एका कन्नड चित्रपटासाठी तिघांनी हेलिकॉप्टरमधून उडी मारली. नायकाला लाइफ जॅकेट होतं, तो वाचला. खलनायकाचं काम करणारे दोघे बुडाले. कुणाला जॅकेट द्यायचं हे भूमिकेवरून ठरत नाही. 'पोहता येतं का?' याचं तोंडी उत्तर धरायचं नाही, त्याच कपड्यांत, त्याच बुटांत कडेच्या पाण्यात पोहून दाखवायला सांगायचं. बचावाची बोट इंजिन चालू ठेवून, उडी पडेल त्याच्या जवळ, आणि पाण्यात आधीपासून दोन पोहणारे. तलाव, खदानी, धबधबे यांतलं पावसाळी शूट मी सरळ नाकारते.

पावसाच्या सीनमध्ये पाण्याइतकीच वीज सांभाळायची. ओल्या फ्लोअरवरच्या प्रत्येक लाइनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) हवा आणि जनरेटरचं अर्थिंग जनरेटरवाल्याने तुमच्यासमोर दाखवायला हवं.

आगीच्या जवळ नायलॉन, पॉलिस्टर नको. ते वितळून कातडीला चिकटतं. जॉर्जेटची साडी नेसून होमासमोर फिरणारी नायिका हासुद्धा आगीचाच सीन आहे, कॉल शीटवर तसं लिहा. अंगाला आग लावण्याचं काम त्यातल्या तज्ज्ञाचंच, आग विझवणारी माणसं ठरलेली, त्यांच्या हातात ओली ब्लँकेट आणि फायर एक्स्टिंग्विशर, वारा सुटला की शॉट रद्द.

बंदुकीबद्दल माझं मत ठाम आहे: खोटी, रबरी किंवा न उडणारी वापरा, जाळ नंतर संगणकावर, व्हीएफएक्समध्ये टाका. ब्लँक काडतुसात गोळी नसली तरी बारूद असते, नळीतून तापलेला वायू आणि बारुदीवरचा बोळा जोरात बाहेर येतो. १९८४ मध्ये एका अमेरिकन नटाने ब्लँक भरलेली बंदूक सहज कानशिलाला लावून ओढली आणि त्यात तो गेला. १९९३ मध्ये ब्रँडन ली गेला, नळीत अडकून राहिलेला गोळीचा तुकडा ब्लँकच्या जोराने बाहेर पडल्यामुळे. २०२१ मध्ये न्यू मेक्सिकोत सेटवर खरी गोळी सुटून सिनेमॅटोग्राफर हॅलिना हचिन्स गेल्या. रबरी पिस्तूलही एकाच माणसाच्या ताब्यात, मोजून द्यायचं, मोजून घ्यायचं. सेल्फीसाठी ते फिरायला लागलं की परत घ्या.

शूटचा दिवस

सकाळी युनिटला गोळा करून पाच मिनिटं बोला. आज कोणता धोका आहे, थांबवण्याचा शब्द कोणता, ॲम्ब्युलन्स कुठे उभी आहे. मराठीत सांगा, हिंदीतही सांगा, कारण सेटिंगची आणि लाइटची बरीच मुलं बाहेरची असतात.

१०८ नंबर सगळ्यांना पाठ असतो, पण घोडबंदर रोडला संध्याकाळी मेट्रोची कामं, कंटेनर आणि घाटातली कोंडी असते. उंची, केबल, गाडी, आग, पाणी असेल त्या दिवशी ॲम्ब्युलन्स सेटच्या गेटपाशी उभी हवी, तोंड रस्त्याकडे, मागे जनरेटरची गाडी लावलेली नको. जवळचं चोवीस तास चालणारं ट्रॉमाचं हॉस्पिटल कोणतं, हे फोन करून विचारा आणि आदल्या दिवशी त्याच वेळेला गाडीने जाऊन बघा. नकाशा बारा मिनिटं दाखवतो, मला एकदा चाळीस लागली होती. भाजण्याचा धोका असेल तर ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरचा रस्ता आणि फोन कॉल शीटवर छापा.

मारामारी सकाळी घ्या. मालिकेत उलटं होतं, आधी संवाद संपवतात आणि रात्री अकराला, सगळ्यांचे पाय जड झाल्यावर फाइट सुरू होते. मे महिन्यात पॅड आणि शेरवानी घालून दोन टेक दिले की माणूस घामाने निथळतो, तोंडाला चव नसते, प्रतिसाद मंदावतो. सावली, पंखा, ओआरएस आणि दर तासाला बसण्याची सक्ती. 'शेवटचा एक' असं कुणी म्हणालं की मी मास्टरांकडे बघते. त्यांनी मान हलवली तरच.

लागलंच तर

कॅमेरा बंद, सगळे जागेवर. पडलेल्याला उठवायला धावायचं नाही, पाणी पाजायचं नाही. मान, पाठ किंवा डोकं लागलं असेल तर एकाने डोकं दोन्ही हातांनी आहे तसं स्थिर धरायचं आणि ॲम्ब्युलन्सची माणसं येईपर्यंत सोडायचं नाही. भाजलं तर वाहतं साधं पाणी वीस मिनिटं. बर्फ, टूथपेस्ट, हळद काही नाही. डोक्याला मार लागलेला माणूस पाच मिनिटांत हसत 'मी ओके आहे' म्हणतो, तरी त्या दिवशी त्याचं काम संपलं. डोकेदुखी वाढत गेली, उलटी झाली, बोलणं अडखळलं, झोप आवरेना झाली, तर लगेच हॉस्पिटल. पोटाला किंवा बरगडीला लागलेलंही असंच फसवतं. १९८२ च्या त्या दुखापतीतही आतड्याला झालेली इजा लगेच लक्षात आली नव्हती.

पॅकअपनंतर मी एक वही काढते. तारीख, सीन, कोण, काय लागलं, का लागलं. ओरखडा, मुरगळणं, 'थोडक्यात वाचला' हेही लिहिते. महिन्याभराने पानं उलटली की एकच जिना, एकच चप्पल, एकच वेळ पुन्हा पुन्हा दिसते. मग आर्टवाल्या दादांना बोलावून ते पान दाखवते आणि आम्ही दोघं जाऊन ती पायरी बघतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी, कॉल टाइमच्या आधी, ज्यांनी ज्यांनी काल मार खाल्ला त्या सगळ्यांना फोन. लागलं नव्हतं असं म्हणालेल्यांनाही. रात्री झोप लागली का, उलटी झाली का, मान दोन्हीकडे वळते का, लघवीचा रंग नेहमीसारखा आहे ना. ताईंना मी त्या मनगटानंतर सहा आठवडे रोज फोन करायचे. प्लास्टर निघाल्यावर त्या सेटवर परत आल्या, तेव्हा मेकअप रूममध्ये जायच्या आधी त्यांनी मला हात धरून जिन्यापाशी नेलं. आम्ही दोघी सावकाश चढलो, सावकाश उतरलो, प्रत्येक पायरीची कड चाचपत.